भवन पडायच्या आधी, मनोहरदादा

मनोहरदादा,

तुला नेलं त्या दिवशी घाटावर आपल्या वस्तीच्या आघाडीचे तीन झेंडे आले होते. रंग एकच, फक्त कोपऱ्यातली अक्षरं वेगळी. एक सुधाकर वकिलांच्या गटाचा, एक किशोर ठेकेदाराच्या गटाचा आणि तिसरा, त्या दोघांकडे ज्यांची सोय लागली नाही अशांचा. तिघांनाही आपापला झेंडा तुझ्या अंगावर घालायचा होता. कुजबुज वाढायला लागली तशी तुझी लता उठली आणि म्हणाली, "पांढरी चादर आहे ना अंगावर. तेवढीच राहू द्या." एवढं बोलून ती परत तुझ्या पायांशी बसली. झेंडे मुकाट गुंडाळले गेले.

मग पत्र्याच्या शेडखाली, मेच्या उन्हात, भाषणं झाली. सुधाकर म्हणाले की आघाडीत स्वतःसाठी काही न मागणारा एकच माणूस होता, आणि तो आज गेला. वाक्य खरं होतं, पण त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला मान वर करवेना. किशोर तर बोलता बोलता रडला. खोटं नाही, मी त्याच्याकडे पाहत होते, तो खरोखर रडला. त्याचाच मला जास्त राग आला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांगले, त्यालाही आता दिवस झाले. माझी सगळी नोकरी कोर्टात स्टेनो म्हणून गेली, लोक बोलतात ते जसंच्या तसं उतरवण्यात. घाटावरचं सगळं बोलणं अजून माझ्या कानात आहे आणि त्यात तू कुठेच नाहीस. तू नेहमी बसायचास त्या खुर्चीसमोर बसून हे लिहिते आहे. आपलं भांडणही अर्धंच राहिलं आहे.

तू भिवापूरहून शिकायला नागपुरात आलास आणि बाबांनी तुला आमच्या घरी ठेवून घेतलं. बाबा रेल्वेत फिटर. घर दोन खोल्यांचं, जरीपटक्याच्या पलीकडे. मला भाऊ नव्हता, तो एकदम कॉलेजात जाणारा मिळाला. तू गावाहून येताना मिरच्यांची पिशवी आणायचास आणि आई दरवेळी म्हणायची की एवढ्या तिखटानं या घरातलं कोणी शांत बोलणारच नाही. शांत कोणी बोलतही नव्हतं. जेवायला बसलं की तुझा आणि बाबांचा वाद सुरू. नियम मोठा की माणूस, पक्ष हवा की नको, मतदान हात वर करून घ्यावं की चिठ्ठीनं. आई वाढत राहायची. मी मात्र दोघांकडे पाहत बसायचे, कारण भांडूनही ज्यांचं प्रेम जराही कमी होत नाही अशी माणसं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहत होते.

बाबांनी वस्तीची आघाडी काढली तेव्हा तू तिचा पहिला चिटणीस झालास. आघाडीचं भवन बांधताना लोकांनी विटा डोक्यावरून वाहिल्या, सुट्टीच्या दिवशी गवंडीकाम केलं. सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची माणसं होती त्यात. प्रत्येक सभा संविधानाच्या उद्देशिकेनं सुरू व्हायची आणि वाचणारा दर वेळी वेगळा असायचा; वाचता न येणाऱ्या बायकांनी ती तोंडपाठ केली होती. आघाडीची घटना तुम्ही दोघांनी आमच्या ओट्यावर बसून लिहिली. अध्यक्ष दोनच मुदती राहील, त्यानंतर कितीही चांगला माणूस असला तरी नाही, हे कलम बाबांचं होतं. तू तेव्हा म्हणाला होतास की इतकं कडक कशाला. बाबा म्हणाले, "माह्यासाठीच लिहून राहिलो गा. मले माह्याच भरवसा नाही."

पुढे तेच झालं. बाबांनी वस्तीत नळ आणले, मुलींचं वसतिगृह उभं केलं, पोलिसांनी उचललेली पोरं सोडवून आणली. लोक त्यांना काकाजी म्हणायचे आणि पायही धरायला लागले होते. सुरुवातीला बाबा पाय मागे घ्यायचे. नंतर नंतर घेईनासे झाले. दुसरी मुदत संपत आली तेव्हा किशोरनं ठराव मांडायचं ठरवलं: ते कलम काढून टाकावं, काकाजी तहहयात अध्यक्ष. किशोरला आघाडीच्या शिफारशीवर कामं मिळायची आणि काकाजी राहिले तर ती मिळत राहणार होती. बाबांनी हा ठराव मागितला नव्हता. पण नकोही म्हटलं नाही. त्या दिवसांत ते जेवताना गप्प असायचे आणि लग्नानंतर वेगळं बिऱ्हाड केलेला तू यायचा कमी झाला होतास.

सुधाकर वकील मात्र तुझ्याकडे रोज यायला लागले होते. त्यांच्यापाशी एकच बोलणं असायचं. लोक तुझ्याकडे डोळे लावून बसलेत, तू काकाजींच्या घरातला, तू उठलास तर कोणी याला वैर म्हणणार नाही. हे मला लतानं सांगितलं. तुमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते आणि सुमेध कडेवर होता. ती म्हणाली, "ताई, वकीलसाहेब येऊन गेले की हे अंगणात येरझारा घालतात."

सभेच्या आदल्या दिवशी तू आमच्या स्वयंपाकघरात आलास. बाबा घरी नव्हते. तू पाटावर बसलास, पाणी प्यायलास आणि म्हणालास, "नंदे, उद्या मी काकाजींच्या विरोधात हात वर करणार आहो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये म्हणून सांगायले आलो."

मी चिडले नाही. मला ते येताना दिसतच होतं. मी म्हटलं, "नियम बरोबर आहे, दादा. पण तो घेऊन तुह्याकडे कोण येऊन राहिलं, ते तर पाह्य ना. सुधाकरले बाबाची खुर्ची पायजे, नियम नाही."

"सुधाकरले काय पायजे ते त्याच्यापाशी. नियम बरोबर आहे ना? मग झालं."

"नाही झालं. उद्या तुह्या हातानं नियम टिकन, आणि परवा त्याच हातानं सुधाकर बसन."

तू हसलास. पाटावरून उठताना म्हणालास की माणसं पाहून नियम पाळायचा असेल तर मग नियम कशाला, काकाजींचं राज्यच काय वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी भवन खच्चून भरलं होतं. अध्यक्षपदावर बाबाच होते, म्हणजे स्वतःविषयीच्या ठरावावर हात मोजायचे तेही त्यांनीच. तू उभा राहिलास. तू म्हणालास की मी काकाजींच्या घरचं अन्न खाल्लं आहे, मला त्यांच्याएवढं प्रिय कोणी नाही, आणि ज्या माणसानं हे कलम लिहिलं त्याच्याच शब्दासाठी मी आज त्यांच्या विरोधात उभा आहे. मग तू हात वर केलास. तुझ्यामागे सुधाकरांचा, मग त्यांच्या माणसांचा, मग हळूहळू ओळीच्या ओळी. बायका पदर डोळ्यांना लावून हात वर करत होत्या. बाबांनी सगळे हात नीट मोजले, ठराव नामंजूर झाल्याचं मोठ्यानं सांगितलं आणि खाली उतरले. दारापाशी तू उभा होतास. बाबा थांबले आणि फक्त एवढंच विचारलं, "जेवायले येशील ना गा?"

दर रविवारी तू आमच्याकडेच जेवायचास. त्या दिवशी आईनं तुझं ताट वाढून झाकून ठेवलं. तू आला नाहीस. मला वाटतं, बाबा रागावले असते तर तू आला असतास.

त्या दुपारी बाबा काय म्हणाले, ते मी तुला नंतर सांगितलं, पण तुला पटलं नाही. म्हणून परत सांगते. ते हात धुताना म्हणाले, "मनोहर चुकला नाही. म्यां पहिल्याच दिवशी नाही म्हणायले पायजे होतं. पण तो आता एकटा पडन. तेवढं त्याले समजून नाही राहिलं." मी म्हटलं, हे त्याला सांगा. ते म्हणाले, सांगीन. पुढे तुम्ही दोघंही एकमेकांची वाट पाहत राहिलात.

अध्यक्ष तूच होणार असं सगळ्यांना वाटत होतं. तू म्हणालास, ज्यानं खुर्ची रिकामी करायला लावली त्यानं तिच्यावर बसू नये. मग सुधाकर बसले. बसल्या बसल्या त्यांना किशोरला आणि त्याच्या माणसांना आघाडीतून काढायचं होतं. तू अडवलंस. विरोधात मत दिलं म्हणून कोणाला काढता येत नाही, म्हणालास. तुझं बरोबरच होतं. पण किशोरनं तेवढ्या सवडीत वेगळी चूल मांडली आणि बाबांना तिथे नेऊन बसवलं. बाबा त्याच्या मंचावर हार घालून गप्प बसायचे. मी विचारलं की तुम्ही कशाला जाता, तर म्हणाले, "बोलावतात वं. घरी बसून काय करू?" अध्यक्षपद गेल्यावर त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि ते किशोरला बरोबर कळलं होतं.

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. झोपेत गेले, डॉक्टरांनी हृदय म्हटलं. किशोरनं आम्हाला न विचारता उघडा ट्रक आणला, फुलांनी सजवला, वर भोंगा लावला आणि बाबांना सगळ्या वस्तीतून फिरवलं. भोंग्यावरून तो एकच प्रश्न विचारत होता, काकाजींना कोणी मारलं. उत्तर त्याला द्यावंच लागलं नाही. तुझ्या घराच्या पत्र्यावर दगड पडायला लागले. आतमध्ये लता सुमेधला घेऊन पलंगाखाली बसली होती. दगड मारणाऱ्यांत ते लोकही होते ज्यांनी भवनात तुझ्यामागे हात वर केले होते. आणि ज्यांनी तुला पुढे केलं ते सुधाकर त्या दिवशी कुठल्याशा नातेवाइकाकडे गावाला गेले होते.

मी ट्रकच्या पुढ्यात उभी राहिले. भोंगा बंद केला नाही तर बाबांना इथून पुढे जाऊ देणार नाही, म्हटलं. आई ट्रकवर बसली होती. तिनं वरूनच किशोरला हात केला, बस कर म्हणून. मग मी तुझ्या घरी आले आणि तुझा हात धरून तुला बाहेर काढलं. तू नाही म्हणत होतास. मी म्हटलं, बाबांना मुलगा नाही, खांदा कोण देणार. गर्दी बाजूला झाली. तू खांदा दिलास. चालताना मी तुला बाबांचं ते वाक्य सांगितलं आणि तू मान हलवलीस, जसं लहान मुलानं समजूत घातल्यावर हलवावी. तुझ्या कपाळावर दगडाची जखम होती, रक्त सुकलं होतं.

त्यानंतरची वर्षं फार लांबवून सांगण्यासारखी नाहीत. सुधाकर आणि किशोर भाषणांत एकमेकांना शिव्या द्यायचे. एकाला एका मोठ्या पक्षाचं तिकीट मिळालं, दुसऱ्याला दुसऱ्याचं. तू कोणाचंच न घेता उभा राहिलास आणि पडलास. तुझ्या प्रचाराला मी, लता आणि भवनात शिवणवर्ग चालवणाऱ्या काही बायका. लोक दारात उभे राहून प्रेमानं सांगायचे, मनोहरभाऊ, तुमच्यासारखा माणूस नाही, पण यावेळी आमचं थोडं काम अडकून राहिलं. तू त्यांच्यावर कधी रागावला नाहीस. मी रागवायचे. तू म्हणायचास, "त्याचंही पोट आहे वं." हे तुला दारोदारच्या माणसाबद्दल कळायचं. मग सुधाकरबद्दल का कळलं नाही, हे मी तुला किती वेळा विचारलं असेल.

भवनाजवळून मेट्रो गेली आणि जागेला भाव आला. एका सकाळी लोकांनी पाहिलं की सुधाकर आणि किशोर भवनाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर बसून चहा पिऊन राहिले आहेत, मध्ये एक बिल्डर. ज्यांनी एकमेकांच्या नावानं वस्ती दोन तुकड्यांत फाडली त्यांना समेट करायला एक चहा पुरला. भवनातल्या वसतिगृहाच्या मुलींना सुट्टीत घरी पाठवलं आणि परत बोलावलंच नाही. सभेची नोटीस कोणाला मिळाली नाही, तरी ठराव मंजूर झाला. भवन पाडून तिथे दुकानांची इमारत.

तू दावा लावलास. सुरुवातीला तुझ्यासोबत अर्जावर आणखी नावं होती. ती एकेक करून गळाली. कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाच्या जावयाला काम मिळालं, एकजण तर तुझ्याकडे येऊन रडून गेला आणि दुसऱ्या दिवशी नाव काढून घेतलं. शेवटी तू एकटाच तारखांना जायचास, कापडी पिशवी घेऊन, उन्हात. मी निवृत्त झाले होते, तरी मधूनमधून तुझ्यासोबत येऊन बाकावर बसायचे. आपण कँटीनमध्ये तर्रीपोहे खायचो. तुला तिखट मना होतं, तरी तू वरून तर्री मागून घ्यायचास.

एप्रिलमध्ये तू शेवटचा माझ्याकडे आलास. पाय सुजले होते. कूलरसमोर बसलास आणि म्हणालास, "नंदे, माणसं पाहायले पायजे होती काय वं मी?"

इतकी वर्षं मी ज्या कबुलीसाठी भांडत होते ती तू अशी आपणहून समोर ठेवलीस आणि मला ती घेववेना. मी म्हटलं, आज भांडायचं नाही, आधी जेव. तू जेवलास. वांग्याची भाजी मागून घेतलीस. मे लागला आणि एका तारखेहून येऊन तू दुपारी आडवा झालास, तो उठलाच नाहीस.

त्या प्रश्नाचं उत्तर मी आता देते, उशिरा का होईना. हो, पाहायला पाहिजे होती. तू तुझ्यासारखाच जो तो असतो असं धरून चाललास आणि त्याची किंमत वस्तीनं मोजली, लतानं मोजली. पण त्या दिवशी तू हात वर केला नसतास तर किशोर बाबांच्या नावावर भवन तेव्हाच विकून मोकळा झाला असता, आणि बाबा ते हार घालून पाहत बसले असते. माझ्या बापाला तू त्यापासून वाचवलंस. तुझी हार आणि तुझं माझ्यावरचं हे ऋण, दोन्ही खरं आहे. मला त्यांची बेरीज करता येत नाही.

आता जे झालं ते सांगते. तुझ्यानंतर दाव्यात वारस म्हणून लताचं नाव लागलं. गेल्या आठवड्यात सुधाकर आणि किशोर दोघं मिळून तिच्याकडे आले. नव्या इमारतीला तुझं नाव देणार म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलला बाबांचं नाव देऊ, असं माझ्या घरी येऊन मला सांगितलं. मी बाबांचं नाव वापरू देणार नाही म्हणून त्यांना उठवलं. लताला मात्र त्यांनी खालच्या मजल्यावरचा एक गाळा देऊ केला, सुमेधसाठी, दावा मागे घेतला तर. सुमेध तिशीला आला, दादा. डिलिव्हरीच्या गाडीवर दिवसभर फिरतो. सोयरीक जुळत नाही.

लता माझ्याकडे आली तेव्हा तिनं ठरवलेलं होतं. ती म्हणाली, "ताई, हे होते तोवर मी एक शब्द बोलली नाही. दगड पडले तेव्हाही नाही. आता मी हो म्हणणार आहो. तुमी रागवाल तर रागवा." मी रागावले नाही. तू असतास तर तिच्याशी भांडला असतास आणि ती गप्प बसली असती. तिनं माझ्याकडे एवढंच मागितलं की सही करताना मी सोबत यावं, कारण तिथलं कायद्याचं मराठी तिला कळणार नव्हतं.

काल आम्ही सुधाकरांच्या ऑफिसात गेलो. एसी होता, किशोरनं पेढे मागवले होते. मी कागद सावकाश वाचून काढला. गाळ्याचं सगळं नीट होतं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की दिवंगत मनोहर यांनी हयातीतच या प्रकल्पाला तोंडी संमती दिली होती आणि त्यांच्या इच्छेचा मान राखून त्यांच्या पत्नी दावा मागे घेत आहेत. मी ते लताला मोठ्यानं वाचून दाखवलं. सुधाकर म्हणाले की ही फक्त एक पद्धत आहे, वाचायला बरं दिसतं, मनोहरभाऊंचाच मान वाढतो.

लतानं हातातला पेन टेबलावर ठेवला. किशोर तिला समजवायला लागला की वहिनी, एका वाक्यानं काय होतं, गाळा तर भेटूनच राहिला. तिनं त्याला बोलू दिलं. मग ती सुधाकरांकडे पाहून म्हणाली, "माह्या नवऱ्यानं हो म्हटलं नव्हतं. मी म्हणून राहिली. तसंच लिहा, मंग सही करतो."